कोरडे पाय

मावशी सगळ्यांचीच होती. वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांची ती मावशी, त्यांना तपासायला येणाऱ्या डॉक्टरची मावशी, फाटकावरच्या रखवालदाराची मावशी, आणि चर्चमध्ये तर पाळकसाहेबांपासून कडेवरच्या पोरापर्यंत झाडून सगळ्यांची मावशी. एवढा भाच्यांचा गोतावळा म्हटल्यावर तिच्या घरी माणसांचा राबता असेल असं कुणालाही वाटेल. पण उजवीकडच्या बाकांवरचा एकही भाचा तिच्या घरी कधी चहाला आलेला नव्हता. नाही म्हणायला एकदा मास्तरीणबाई आल्या होत्या, केक घेऊन. ते पुढे येईलच.

उजवीकडची बाकं म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. त्या गावात गोरी माणसं होती आणि काळी माणसं होती, आणि दोघांचा देव एकच होता. पूर्वी काळ्यांचं चर्च वेगळं होतं, खालच्या रस्त्याला, पत्र्याचं. एका वादळात त्याचे पत्रे उडाले आणि एक भिंत बसली. तेव्हा वरच्या दगडी चर्चमधल्या गोऱ्यांनी मोठ्या मनाने ठराव केला की आपण सगळे ख्रिस्ताचं एकच शरीर, तर दुसरं चर्च बांधायचं कशाला, इथेच या. ते आले. पहिल्या रविवारी संकोचाने डावीकडच्या रिकाम्या बाकांवर बसले. कुणी त्यांना तिथे बसवलं नाही. पण दुसऱ्या रविवारपर्यंत डावीकडे उरलेले गोरे हळूच उजवीकडे सरकले होते, आणि मग जे बसलं ते बसलं. मधे फक्त एक लाल गालिचा होता. तो ओलांडून कुणी पलीकडे बसायला गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. समोरच्या भिंतीवर सोनेरी अक्षरांत ‘आपण सर्व एक’ असं लिहिलं होतं, आणि त्या अक्षरांवरची धूळ शिडीवर चढून मावशीच पुसायची.

मावशीची आई त्या पत्र्याच्या चर्चची झाडलोट करायची. दोन्ही चर्चचं सामान एक झालं तेव्हा मोठ्या चर्चचा झाडूही तिच्याच हातात आला. आईच्या हातून तो मावशीकडे आला. सोमवार ते शुक्रवार वृद्धाश्रम, शनिवारी चर्च, रविवारी पुन्हा चर्च, पण स्वच्छ कपड्यांत.

मावशी काळी होती. सावळी-बिवळी नव्हे, चांगली काळी. ‘मी अंधारात हसले तरच दिसते’ असं ती स्वतःच सांगायची. लोकांनी म्हणायच्या आधी आपणच म्हणून टाकलं की ते कमी लागतं, हा धडा तिने लहानपणीच घोकला होता. वृद्धाश्रमात तिचं काम पायांचं. सकाळी कोमट पाणी घ्यायचं, कोपर बुडवून बघायचं, म्हाताऱ्याला खुर्चीत बसवायचं आणि आपण खाली गुडघे टेकून एकेक पाय धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, नखं कापायची, भेगांना मलम भरायचं. राहणारे बहुतेक गोरे, राबणारे बहुतेक काळे. मास्तरीणबाईंची आईही तिथेच होती. ती आता कुणाला ओळखत नसे, पण मावशीचा हात पायाला लागला की डोळे मिटून स्वस्थ पडायची.

ह्या कामात गुडघ्यांचं मात्र भुसकट झालं. डॉक्टरने फोटो काढून बघितले आणि सांगितलं, “मावशी, आता जमिनीवर गुडघे टेकायचे नाहीत. प्रार्थनेलासुद्धा नाहीत.”

“प्रार्थनेला कुठे टेकते साहेब? ती मी भांडी घासतानाच उरकते,” मावशी म्हणाली.

आश्रमाने तिला एक बुटकं स्टूल दिलं. पण सवय कुठली सुटायला! समोर कुणी खुर्चीत बसलं आणि पाय पुढे केले की मावशीचे गुडघे आपोआप वाकायचे. एकदा लेकीबरोबर ती बुटांच्या दुकानात गेली होती. शेजारच्या खुर्चीवर एक अनोळखी गोरी बाई येऊन बसली, तिने पाय पुढे केला, आणि मावशी खाली बसून तिच्या सँडलचा पट्टा सोडायला लागली. त्या बाईने मान खाली न घालताच सांगितलं, “एक नंबर मोठा दाखव.” घरी येईपर्यंत मावशी हसत होती. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. लेक मात्र हसली नाही.

ही लेक तिची एकुलती. नवरा लवकर गेलेला. लेक रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधायचा, शीर शोधायची, सुई घालायची. मुलगी जिभेने तिखट, पण गळा असा की ती गायला लागली की म्हातारे कानांतली यंत्रं नीट करून बसायचे. चर्चच्या गायकवृंदात ती होती. गायकवृंद तेवढा मधोमध उभा राहायचा, ऑर्गनजवळ, जिथे उजवं-डावं नव्हतं. तिथेच तिच्या शेजारी मास्तरीणबाईंचा मुलगा उभा राहायचा. पुस्तक दोघांत एक. पुढचं सांगायला नको.

मास्तरीणबाई वाईट नव्हत्या, हे इथे ठासून सांगितलं पाहिजे. वाईट असत्या तर सोपं होतं. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. शिस्तीच्या, सढळ हाताच्या, कुणाच्या पाठीमागे न बोलणाऱ्या. मावशीच्या लेकीला त्यांनीच शिकवलं, तिची फी भरली, तिला पुढे शिक म्हणून मागे लागल्या. मावशीला ‘तू आमच्या घरातलीच’ म्हणायच्या आणि ते त्यांना खरंच वाटायचं. मुलाचं कळलं तेव्हा त्यांनी आदळआपट केली नाही. केक घेऊन मावशीच्या घरी आल्या. खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

“मुलगी हिऱ्यासारखी आहे,” त्या म्हणाल्या. “देवाला साक्ष ठेवून सांगते मावशी, माझ्या मनात काही नाही. पण उद्या मुलंबाळं झाली की त्यांना ना इकडचे घेणार, ना तिकडचे. त्या जिवांचा विचार आपणच करायला हवा ना?”

न जन्मलेल्या मुलांची काळजी करण्यात बाईंचा हात कुणी धरला नसता. बाईंच्या बुटाची नाडी सुटली होती, ती मावशीला दिसली. तिने खाली वाकून ती बांधली. लेक आतल्या दारातून बघत होती.

मुलगा नोकरीसाठी लांब गेला. तिकडेच त्याने लग्न केलं, गोऱ्या मुलीशी. बाईंच्या नातवंडांना आता कसलाच त्रास नाही. इकडे लेकीने गायकवृंद सोडला, मग चर्चही सोडलं. रविवारी सकाळी ती कपडे धुवायला काढायची.

मावशीला त्या मुलाचं एवढं दुःख नव्हतं. मुलं काय, येतात आणि जातात. पण लेक देवापासून तुटली, हे तिला सहन होईना. ती लेकीला समजवायला जायची. म्हणायची, देवाने सगळी माणसं एकाच मातीच्या गोळ्यातून केली, सगळ्यांच्या अंगात एकच रक्त घातलं.

“रक्ताचं मला नको सांगूस,” लेक म्हणायची. “सगळ्यांचं लाल असतं, मी दिवसभर तेच बघते. पण बाकावर बसवताना कुणी सुई टोचून बघत नाही गं आई. कातडी बघतात.”

मग मावशी देवाकडे बोट दाखवायची, आणि लेक चर्चकडे.

एका रविवारी असंच जुंपलं. लेक बादलीत कपडे आपटत म्हणाली, “ज्या दिवशी त्या बाई खाली बसून तुझे पाय धुतील ना, त्या दिवसापासून मी येईन. गाईनसुद्धा. जा, सांग तुझ्या देवाला.”

ती रागात बोलली. मावशीने मात्र ते गाठीला बांधून ठेवलं.

पाय धुण्याचं लेकीला काही उगाच सुचलं नव्हतं. त्या चर्चची ती जुनी रीत होती. वर्षातून एकदा, प्रभुभोजनाच्या रविवारी, भाकर मोडायच्या आधी, मंडळी एकमेकांचे पाय धुवायची. पकडला गेला त्याच संध्याकाळी प्रभूने कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून. पुरुष मोठ्या सभागृहात, बायका बाजूच्या खोलीत. बाकावर आपल्या शेजारी जो बसतो त्याचे पाय आपण धुवायचे, मग त्याने आपले. शेजाऱ्यावर प्रेम करा ही आज्ञा त्या चर्चमध्ये कुणी कधी मोडली नाही. शेजारी कोण, हे तेवढं बाकांनी ठरवून ठेवलं होतं. पाय धुवायची पसरट तसराळीसुद्धा दोन्ही चर्चमधून आलेली वेगवेगळी होती. उजवीकडच्यांची निळ्या काठाची, डावीकडच्यांची लाल काठाची. पाणी एकाच बंबातलं, ओतायचं तेही एकाच मोरीत. मधल्या तेवढ्या वेळापुरता काय तो काठ.

मावशीची आई ह्या सोहळ्याला पाणी भरून भरून म्हातारी झाली. ती म्हणायची, “नोकराने पाय धुतले तर ते काम. मालकाने धुतले तर ते शुभवर्तमान.” आयुष्यात एकदा तरी गालिच्याच्या पलीकडून कुणी येईल आणि आपले पाय हातात घेईल, असं तिला शेवटपर्यंत वाटत राहिलं. मेल्यावर तिचे पाय मावशीने धुतले. तेव्हा मावशीला लेकीसारखंच काहीतरी कडू वाटलं होतं, पण तिने ते गिळलं.

मग चर्चला नवे पाळक आले. तरुण, उत्साही, अजून कशाला न कंटाळलेले. त्यांनी पहिल्याच महिन्यात बाकं बघितली, तसराळी बघितली, आणि एका रविवारी उपदेशाला उभे राहिले ते घसा बसेपर्यंत बोलले. कातडीवरून माणूस वेगळा करणं ही चूक नाही, पाप आहे, असं त्यांनी सांगितलं. ज्याने सगळ्यांसाठी एकच रक्त सांडलं त्याच्या मेजावर दोन पंगती बसूच कशा शकतात, असं विचारलं. आणि शेवटी जाहीर केलं की ह्या वेळी पाय धुताना गालिचा ओलांडायचा. डावीकडच्यांनी आधी खुर्चीत बसायचं, उजवीकडच्यांनी धुवायचे. मग उलट.

उजवीकडे काही जण आपल्या बुटांकडे बघत होते. डावीकडेही काही वेगळं नव्हतं. तेव्हा मास्तरीणबाई उभ्या राहिल्या.

“मावशीचे पाय मी धुवीन,” त्या म्हणाल्या. “माझ्या आईचे पाय ती रोज धुते.”

खोटं काही नव्हतं त्यात. मावशीच्या कानात घंटा वाजायला लागल्या. उपासना कशी संपली ते तिला कळलं नाही. त्या सकाळी तिने दुखऱ्या गुडघ्यांनी घरापर्यंतचा उतार न थांबता उतरला.

लेकीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बोलतील त्या. करणार नाहीत.”

“केलं तर?”

“केलं तर काय, मी शब्द दिलाय. येईन.”

“बघायला येशील?”

लेकीने मान हलवली. हो म्हणून.

मग मावशीची काय लगबग! टाचांच्या भेगा दगडाने घासून घासून तिने पायांना आणखीनच दुखवलं. वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांसाठीचं मलम कधी स्वतःला लावलं नव्हतं, ते मागून आणलं. बाईंना किळस वाटू नये, एवढंच तिच्या मनात होतं. धुवायला न्यायचे पाय ती आधी घरी धुवून ठेवत होती. जगाची नखं कापणाऱ्या त्या बाईला स्वतःच्या नखांपर्यंत वाकता मात्र येत नव्हतं. म्हणून लेकीने तिचा पाय मांडीवर घेतला आणि नखं कापायला बसली.

“मी धुते की तुझे पाय,” लेक खाली मान घालून म्हणाली. “माझे हात चालत नाहीत का?”

“तू धुतलेस तर घरचंच झालं. घरच्यांनी धुवायला शास्त्रात कशाला सांगायला हवं होतं?”

“आणि त्यांनी धुतल्याने काय होणार आहे? तू गोरी होणार आहेस?”

“मी कशाला गोरी होऊ? मला माझं काळं पुरतं,” मावशी म्हणाली. मग म्हणाली, “देव खरं बोलला होता, एवढं मला एकदा बघायचंय. मरायच्या आधी. आणि तू शेजारी असताना.”

लेकीने दुसरा पाय मांडीवर घेतला.

तो रविवार उजाडला तेव्हा उजवीकडची बाकं विरळ झाली होती. कुणाला सर्दी झाली होती, कुणाच्या पायाला भोवरी आली होती, कुणाला नेमकं त्याच दिवशी बाहेरगावी लग्न निघालं होतं. डावीकडचेही दोन-चार जण नव्हते. कशाला त्यांना संकटात घालायचं, असं म्हणून ते घरीच राहिले होते. पण मास्तरीणबाई आल्या होत्या. ताठ पाठीने, करड्या स्वेटरात, पहिल्या बाकावर.

मावशी सकाळीच येऊन बाजूच्या खोलीत तसराळी मांडून बसली होती. काठ न बघता मांडा, असं पाळकसाहेबांनी बजावलं होतं. तिने तशीच मांडली, आणि पाळकीणबाईंनी येऊन बघितलं तर निळी सगळी एकीकडे आणि लाल सगळी एकीकडे. “अगं बाई, हे काय!” पाळकीणबाई हसल्या. मावशी जीभ चावून पुन्हा मांडायला लागली. हात मेले ऐकतच नव्हते.

बायका खोलीत आल्या. लेक शब्दाला जागली. रात्रपाळी संपवून आलेली, लॅबचा पांढरा कोट तसाच अंगात, ती दाराशी येऊन उभी राहिली. आत आली नाही. मावशीने तिच्याकडे एकदा बघितलं आणि मग बघायचं टाळलं. आपल्याला दिलेल्या खुर्चीपाशी ती उभी राहिली. बसावं की बाई येईपर्यंत थांबावं? मोठ्या माणसाच्या आधी बसणं बरं दिसत नाही. ती थांबली.

मास्तरीणबाई आल्या. तेवढं चालूनही त्यांना दम लागला होता. फरशीवर पाणी सांडलं होतं, बूट भिजू नयेत म्हणून ते आधी काढायला हवे होते, आणि खोलीतल्या बाकी खुर्च्या भरल्या होत्या.

“जरा टेकते हं,” त्या म्हणाल्या, “एवढे बूट काढून घेते.”

आणि त्या मावशीच्या खुर्चीत बसल्या. त्यांनी पाय पुढे केले.

पुढे जे झालं त्याला कुणी काही केलं असं म्हणता येत नाही. मावशीसमोर खुर्चीत एक थकलेली गोरी म्हातारी बसली होती, तिचे पाय पुढे आले होते, आणि शेजारी कोमट पाणी होतं. मावशी खाली बसली. बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढले. कोपर बुडवून पाणी बघितलं. डावा पाय पाण्यात घेतला, टाचेखाली हात धरला आणि धुवायला लागली. मास्तरीणबाईंनी डोळे मिटले. अगदी त्यांच्या आईसारखे.

पाय निम्मा धुऊन झाल्यावर मावशीचा हात थांबला. आपण कुठे आहोत ते तिला कळलं. तिने दाराकडे बघितलं. लेक तिच्याकडेच बघत होती. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मावशीने तो पदरात घेतला असता, लेकीच्या रागाची तिला सवय होती. लेक नुसती बघत होती, आधीपासून ठाऊक असलेलं काहीतरी पुन्हा एकदा बघावं तशी. मग तिने पाठ फिरवली.

“वा! अशाच राहा, हलू नका,” पाळकीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी फोटो काढला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खोलीतल्या आणखी दोघी-तिघी डोळे टिपत होत्या.

मास्तरीणबाईंनी डोळे उघडले. “किती हलका हात गं तुझा,” त्या म्हणाल्या, आणि मग त्यांच्याही लक्षात आलं. “अगं, पण... मी ना तुझे...”

“झालंच, बाई,” मावशी म्हणाली. आता अर्धवट कसं सोडायचं? एक पाय ओला आणि एक कोरडा ठेवून कुणाला उठवता येत नाही. तिने दुसराही धुतला. बेचक्या कोरड्या केल्या. मग उठायला गेली तर गुडघे जागचे हलेनात. चार बायकांनी काखेत हात घालून तिला उभं केलं. दोन उजवीकडच्या होत्या आणि दोन डावीकडच्या. एवढी एकी त्या खोलीत त्या दिवशी नक्कीच झाली. सगळ्या मायेने हसत होत्या. “काय बाई तरी मावशी! इथेही सवय जाईना!” मावशीही हसली. हसण्यावाचून दुसरं काय करणार?

मास्तरीणबाईंनी रुमाल उचलला होता. त्या बसणारही होत्या, त्यांच्या मनात होतं. पण मोठ्या सभागृहात ऑर्गन सुरू झाला, पाळकसाहेबांनी पाय धुण्याचं शेवटचं गीत धरलं, आणि प्रभुभोजनाला उशीर करून चालत नाही.

“पुढच्या वेळी मी आधी,” बाई मावशीचा दंड दाबत म्हणाल्या. “नक्की हं.”

“हो, बाई,” मावशी म्हणाली.

भाकर मोडली, प्याला फिरला. मावशीने तोंडात तुकडा घेतला आणि तो तिला गिळवेना. ज्या प्रभूवर तिने जन्मभर विश्वास ठेवला तो स्वतः गुडघ्यांवर बसला होता, आणि तो बसला म्हणून सगळं जग आजवर त्याची आठवण काढतं. ती बसली होती तर काय झालं होतं? काहीच नाही. सोमवार ते शुक्रवार ती तेच करत होती. लोकांनी शिकावी अशी नम्रता तिच्याकडे पोत्यांनी पडून होती. तिला त्या दिवशी नम्रता नको होती. तिला फक्त खुर्चीत बसायचं होतं.

लेक फाटकाशी उभी होती. तिने आईचा हात धरला आणि दोघी उतार उतरायला लागल्या.

“रागावलीस?” मावशीने विचारलं.

“तुझ्यावर? नाही गं.”

“त्या धुणारच होत्या. रुमालसुद्धा घेतला होता हातात. तू जरा थांबली असतीस तर...”

“आई.”

“पुढच्या वेळी नक्की म्हणाल्यात.”

घरी पोचल्यावर लेकीने आईला पलंगावर बसवलं, खाली बसून तिचे बूट काढले, मोजे काढले. घासून घासून लाल झालेल्या टाचांना अजून मलमाचा वास येत होता. पाय कोरडे ठणठणीत होते. लेकीने क्षणभर ते तळहातांत धरले, मग पलंगावर नीट ठेवले आणि कपडे धुवायला काढले.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी नम्रतेवर उपदेश केला. मावशीचं उदाहरण दिलं. वाट्याला आलेला मान सोडून ती आपण होऊन खाली बसली, ह्याला म्हणतात ख्रिस्ताचं मन, असं ते म्हणाले, आणि उजवीकडच्या सगळ्यांनी, सर्दी झालेल्यांनीसुद्धा, माना डोलावल्या. वर्षभरात पाळकसाहेबांची बदली झाली. नंतर आलेले वयस्कर होते, शांततेचे भोक्ते. पाय धुणं पुन्हा शेजाऱ्या-शेजाऱ्यांत सुरू झालं. मास्तरीणबाईंना त्याआधीच, पुढची वेळ यायच्या आत, झटका आला आणि त्यांची एक बाजू गेली. आता त्या वृद्धाश्रमात आहेत, आईच्याच खोलीत, आणि मावशी रोज त्यांचे पाय धुते. बाईंना नीट बोलता येत नाही. कधी कधी त्या चांगला हात पुढे करून मावशीच्या पायाकडे काहीतरी दाखवतात आणि रडतात. मावशी म्हणते, “राहू दे बाई, कळलं,” आणि टाचेखाली हात धरते.

तो फोटो मोठा करून चर्चच्या दारातच लावला आहे, चौकटीत. खाली ‘आपण सर्व एक’. पाहुणे आले की त्यांना आधी तो दाखवतात. एक गोरा पाय, त्याखाली एक काळा हात, मिटलेले डोळे. फोटो खरोखर चांगला आला आहे. वरच्या कोपऱ्यात अर्धवट उघडं दार दिसतं आणि त्या दारात पांढऱ्या कोटातली एक पाठ. ती कुणाची, हे कुणी विचारत नाही.

शनिवारी मावशी ती काच पुसते. खालचा भाग ती भरभर पुसते. वरच्या कोपऱ्याशी आली की तिचा फडका थोडा वेळ तिथेच राहतो. मग ती बाजूच्या खोलीत जाऊन तसराळी मांडते. निळी उजवीकडे, लाल डावीकडे.